मृगाचा फोटो आणि रॉकेटची रेघ, हे दोन्ही एकत्र आलं कुठून

थंडीच्या दिवसात मृग नक्षत्राशेजारून वर चढत गेलेली रॉकेटची सोनेरी रेघ, असा फोटो दाखवला की बघणारा पहिल्यांदा विचारतो, एकाच फ्रेमचा आहे का जोडलाय? प्रश्न रास्तच आहे कारण मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या चमकत्या ढगाचा, उजेड थेंबाथेंबाने साठवावा लागतो आणि रॉकेटची ज्वाळा काही सेकंदात सगळी फ्रेम पांढरी करून टाकते. म्हणजे दोन्हींचं गणित पार उलटं. म्हणूनच मला या दोघांची जुनी गोष्ट फार आवडते.

सुरुवात अर्थातच मृगापासून, तीही हिवाळ्याच्या जरा आधीच. 30 सप्टेंबर 1880 ला न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी 11 इंची दुर्बिणीतून 51 मिनिटं एक्सपोजर देऊन, म्हणजे तेवढा वेळ उजेड आत घेत राहून, मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, कुठल्याही तेजोमेघाचा हा पहिलाच. फोटो उमटवायच्या, रसायनाचा कोरडा थर दिलेल्या काचा नुकत्या आल्या होत्या म्हणून हे जमलं, त्याआधीची ओली काच इतका वेळ टिकायचीच नाही, सुकून जायची. मग जानेवारी 1883 मध्ये लंडनच्या ईलिंगमधून अँड्र्यू कॉमन यांनी 36 इंची आरशाच्या दुर्बिणीने तोच तेजोमेघ टिपला आणि त्यात असे तारे उमटले जे दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते! माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट हाच, कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा जास्त दिसतं हे तिथे पक्कं झालं.

आणि यात आपलं पुणेही आहे बरं का. कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली, 1891 च्या सुमारास याच तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास त्यांनी पुण्यातून केला आणि 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला कॅमेरे लावून बसले. पुण्यात याची आठवण फारशी कोणी काढत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

रॉकेट आणि कॅमेऱ्याची गाठ मात्र बरीच उशिरा पडली, आणि भारतात ती पडली ती थेट पहिल्याच रॉकेटला. 21 नोव्हेंबर 1963, केरळातलं थुंबा, संध्याकाळची वेळ. नासाने दिलेलं नाइके-अपाचे रॉकेट आणि त्यात सोडियमची वाफ सोडणारं फ्रेंच उपकरण. संध्याकाळच का, तर खाली अंधार पडलेला असतो पण तितक्या उंचीवर अजून ऊन असतं, त्या उन्हात सोडियमचा ढग नारिंगी चमकतो. मग वेगवेगळ्या ठिकाणांहून त्याचे फोटो घ्यायचे, मागच्या ताऱ्यांवरून ढगाची जागा काढायची आणि तो किती सरकला त्यावरून वरच्या थरातला वारा मोजायचा. म्हणजे रॉकेटचा ढग आणि मागे तारे अशी फ्रेम तेव्हा चक्क मोजमापासाठी लागायची, आज आपण जी देखणी म्हणून घेतो. आणि आता संध्याकाळच्या किंवा पहाटेच्या उड्डाणात जेलीफिशसारखा फुललेला धूर दिसतो तोही त्याच उन्हामुळे.

रात्रीच्या उड्डाणांचं म्हणाल तर चंद्रावर गेलेलं अपोलो 17 विसरता येत नाही. 7 डिसेंबर 1972, फ्लोरिडात मध्यरात्र उलटून 33 मिनिटं, अमेरिकेने माणसांना घेऊन रात्री केलेलं पहिलं उड्डाण. ते ठरलेल्या वेळेपेक्षा 2 तास 40 मिनिटं लांबलं आणि तेवढ्यात मृग आग्नेयेकडून सरकत दक्षिणेला उंच आला. पन्नास वर्षांनी 16 नोव्हेंबर 2022 ला नासाची चांद्रमोहीम आर्टेमिस 1 रात्री 1:47 ला सुटली तेव्हाही मृग जवळपास तिथेच, आणि यानाचं नाव ओरायन, म्हणजे आपला मृगच! रॉकेट सुटतं त्या पॅडच्या उत्तरेला उभं राहून दक्षिणेकडे कॅमेरा लावला की दोघं एका चौकटीत.

अशा वेळी एकाच एक्सपोजरमध्ये रॉकेट आणि तारे दोन्ही नीट येणं अवघडच, त्यामुळे बहुतेक जण ताऱ्यांच्या फ्रेम उड्डाणाआधी घेऊन ठेवतात आणि नंतर जोडतात. तसं स्पष्ट सांगितलं तर त्यात गैर काही नाही असं मला वाटतं.

आणि रॉकेट दिसलं नाही तरी त्याने वर नेऊन ठेवलेलं सामान फोटोत येतंच. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारे, विषुववृत्तावर 36,000 किलोमीटर उंचीवर असतात, पुण्यातून बघितलं तर त्यांची रांग मृगाच्या पोटातला बाण आणि खालचा तेजोमेघ यांच्या बरोबर मधून जाते. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर लावून दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं की तारे टिंबासारखे राहतात आणि त्यांच्या मधे बारीक आडव्या रेघा उमटतात, प्रत्येकी साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या लांब. स्टॅक करताना, म्हणजे बऱ्याच फ्रेम एकावर एक रचताना, त्या पुसून टाकायची सगळ्यांना सवय आहे, मी मात्र एक फ्रेम तशीच ठेवतो.