हवेची स्प्रिंग थंडीत का बसते?

भाचा कॅनडात, अल्बर्टाला असतो, तिथं स्नोमोबाईल म्हणजे बर्फावरची गाडी चालवतो. लातूरला होता तेव्हा त्याच्या मोटारसायकलचे मागचे शॉकअप आम्ही दोघांनी ओसरीत बसून बदलले होते. तेव्हापासून या खात्यात त्याला माझाच सल्ला लागतो. गेल्या हिवाळ्यात सकाळीच फोन आला, "मामा, स्नोमोबाईलला मागं एअर शॉक टाकलाय. रात्री गॅरेजात हवा मारून बरोबर केलं होतं. आता बाहेर बर्फात काढली तर मागून बसलीय. लीक असंल का?"

लीक नव्हतंच. पण ते कळायला अशा शॉकमध्ये लोखंडी कॉइलऐवजी हवा स्प्रिंगचं काम कसं करते ते बघावं लागतं.

घरात हातपंप असेल तर तो घ्या. नळीचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबा आणि दांडा खाली ढकला. सुरुवातीला दांडा लोण्यात गेल्यासारखा जातो, शेवटची चार बोटं मात्र अंगाचा भार टाकला तरी सरकत नाहीत. समजा पंपाची नळी 40 सेंटीमीटर लांब आणि आतून 3 सेंटीमीटर रुंद आहे. दांडा 20 सेंटीमीटर खाली गेला की आतली हवा निम्म्या जागेत येते, दाब दुप्पट होतो आणि हाताला सुमारे 7 किलोचा विरोध लागतो. आणखी 10 सेंटीमीटर गेला की 21 किलो. त्यापुढे फक्त 5 सेंटीमीटर, आणि 49 किलो! लोखंडी स्प्रिंग असती तर तिथं सव्वाबारा किलोच लागले असते, कारण ती जेवढी दाबावी तेवढाच हिशेबानं विरोध वाढवते. (हळू दाबलं तर हे आकडे. झपकन दाबलं तर हवा तापते आणि विरोध याहून वाढतो.)

लोखंडी स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकनं 1678 मध्ये छापला. हवेचा नियम रॉबर्ट बॉइलचा, 1662 चा. गंमत म्हणजे बॉइल हवेच्या या गुणाला 'स्प्रिंग'च म्हणायचा, आणि त्याला प्रयोगासाठी हवेचा पंप बनवून दिला होता तो याच हूकनं.

स्नोमोबाईलला पुढं दोन स्की (बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या) असतात आणि मागं रणगाड्याच्या साखळीसारखा फिरणारा रुंद रबरी पट्टा. मागचे शॉक या पट्ट्याच्या आत, बर्फाच्या माऱ्यात असतात. साधारण दोन. स्कीवर किती भार पडतो ते त्यातल्या पुढच्यावर अवलंबून असतं. मागचा चालवणाऱ्याचं वजन आणि मोठे दणके झेलतो. भाच्यानं बदलला तो हा. जड कॉइल गेली, वजन घटलं. छोट्या उंचवट्यांवर गाडी मऊ चालते, उडी मारून आदळली तर शेवटच्या टप्प्यात हवा घट्ट होऊन तळ लागू देत नाही. मागं कुणी बसलं तर पाने घेऊन बसायला नको, चार पंप मारले की झालं. दणक्यानंतर गाडी नाचत राहू नये म्हणून आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं. ते काम दोन्ही प्रकारांत सारखंच.

आता त्याची तक्रार. गॅरेजात 20 अंश, बाहेर उणे 20. गेजनं 70 पौंड दाखवले, पण गेज वातावरणाचा दाब धरत नाही. तो मिळवला तर आतली हवा सुमारे 85 पौंडांची. थंडीनं त्यातला जवळजवळ सातवा हिस्सा गेला, उरले 73. म्हणजे गेजवर 58. एक कणही बाहेर न पडता बारा पौंड गायब! लोखंडाला एवढ्या थंडीचं फारसं काही वाटत नाही. त्याला म्हटलं, "तासभर बाहेर ठेव, मग हवा मार."

संध्याकाळी परत फोन. "मामा, 70 करून पंप काढला, परत लावून बघितलं तर कमीच दाखवायलंय." हे मात्र पंपाचं. शॉकमधली हवेची खोली इतकी लहान असते की गेजची नळी भरण्यातच थोडी हवा खर्च होते. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो बहुतेक नळीतल्या हवेचा. एकदा भरलं की उगाच तपासत बसू नये.

मग आपल्याकडं लातूर-पुणे ट्रॅव्हल्सच्या एअर सस्पेन्शनवाल्या बस मे महिन्यात फुगून उंच का होत नाहीत, असं त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. त्या बसला स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, आणि चेसिस व एक्सल यांच्या मधे एक दांडीवाला व्हॉल्व्ह. प्रवासी चढले, बस दबली की दांडी कलते आणि स्प्रिंगच्या जागी असलेल्या रबरी फुग्यात हवा जाते. उतरले किंवा उन्हानं हवा फुगली, बस उचलली की जादा हवा सोडून दिली जाते. रस्त्यावर बस सदा हिंदकळत असते; म्हणून हा व्हॉल्व्ह प्रत्येक खड्ड्याला न दचकता जरा सावकाश काम करतो. बस स्टॉपवर थांबली की खालून येणारा तो फुसफुस आवाज पुष्कळदा त्याचाच.

भाच्याच्या शॉकला कॉम्प्रेसर नाही, दांडी नाही. हातमोजे काढून पंप मारायचा तो त्यानंच, उणे 20 मध्ये.