पियानोवादक-संचालक

पियानोवादक-संचालक : मैफलींतून एकल पियानोवादन करणारा आणि त्याच वेळी एखादे संगीतविद्यालय, वाद्यवृंद, संगीतिकागृह किंवा मैफलींची मालिका चालविणारा कलावंत. संस्थेची सूत्रे केवळ प्रशासकाकडे न देता नामवंत वादकाकडे सोपविण्याची प्रथा यूरोपात एकोणिसाव्या शतकात दृढ झाली. रशियन पियानोवादक आन्तोन रूबिनस्टाइन यांनी १८६२ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे संगीतविद्यालय स्थापन केले. संगीतरचनाकार चायकॉव्हस्की हे तेथील पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट १८७५ मध्ये बूडापेस्टच्या संगीत अकादमीचे अध्यक्ष झाले.

वादकांपैकी पियानोवादकच या पदावर वारंवार दिसतो, हा योगायोग नव्हे. अख्ख्या वाद्यवृंदाची स्वरलिपी तो दोन हातांनी वाजवून पाहू शकतो, गायकांना साथ करतो, तंतुवादकांबरोबर बसतो. त्यामुळे इतरांच्या कामाची त्याला आतून माहिती असते. अडचण वेळेची आहे. रोजच्या काही तासांच्या रियाजात खंड पडलेला चालत नाही आणि दुसरीकडे पुढील हंगामाचे कार्यक्रम, कलावंतांचे करार, सभागृहाच्या तारखा ही कामे वर्ष-दोन वर्षे आधी मार्गी लावावी लागतात. तिकीटविक्रीतून खर्च सहसा भागत नसल्याने देणगीदारांचे उंबरे झिजविणेही संचालकाच्याच वाट्याला येते. रूबिनस्टाइन यांनी १८६७ मध्ये पद सोडले, १८७२-७३ च्या अमेरिका दौऱ्यात २१५ मैफली केल्या आणि १८८७ मध्ये पुन्हा त्याच विद्यालयाची धुरा घेतली. दानिएल बारेनबॉइम यांनी मात्र १९९२ पासून २०२३ पर्यंत बर्लिनच्या सरकारी संगीतिकागृहाचे संगीत-संचालन करीत असतानाही वादन सुरू ठेवले.

संयोजनाचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्रज पियानोवादिका मायरा हेस यांचे आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच लंडनमधील सभागृहे बंद झाली आणि नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षित स्थळी हलविल्याने तिची दालने रिकामी पडली. हेस यांनी १० ऑक्टोबर १९३९ पासून तेथे सोमवार ते शुक्रवार दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मैफली सुरू केल्या. प्रवेशशुल्क एक शिलिंग होते आणि कलावंत नामवंत असो वा नवखा, मानधन सर्वांना सारखेच ठरविलेले होते; स्वतः हेस मात्र बिदागी घेत नसत. बाँबहल्ल्यांच्या काळात मैफल तळघरात हलविली जाई, पण रद्द होत नसे. १९४६ पर्यंत अशा १,६९८ मैफली झाल्या.

महाराष्ट्राकडे वळल्यास, कोल्हापुरात या कारकिर्दीला सर्वांत जवळचे उदाहरण पियानोचे नसून पेटीचे आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे पेटीवादक म्हणून गाजले, ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली त्यांनी दिल्या आणि १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे एक मालक झाले. पुढे तेथून बाहेर पडून त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली. नाटक मंडळी म्हणजे पाठीवर घेतलेले बिऱ्हाडच. मुक्काम, भोजन, पडदे, नटांचे पगार आणि थिएटरचे भाडे यांचा मेळ मालकालाच घालावा लागे. टेंबे पुढे प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेत दिसले. त्याचे संगीतही त्यांचेच होते. या व्यापात त्यांच्यातील वादक काहीसा मागे पडला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

संचालकाला पैसा कोठून मिळतो, यावर संस्थेचे आयुष्य अवलंबून असते. कोल्हापुरात तो प्रश्न बराच काळ राजाश्रयाने सोडविला. शाहू महाराजांनी गायक अल्लादियाखाँ यांना दरबारी ठेवले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे केले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर खाँसाहेब मुंबईला गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या नाट्यगृहाला भीषण आग लागली, तेव्हा एका वास्तूवर किती संस्थांचे वेळापत्रक टेकलेले असते हे शहराला नव्याने उमगले.

पियानो या भागात रुजला नाही, कारण त्याच्या ठरलेल्या स्वरांतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही. शिवाय मैफलीचा मोठा पियानो सुमारे नऊ फूट लांब आणि पाचशे किलोच्या आसपास वजनाचा असतो. तो पेटीसारखा काखोटीला मारून नेता येत नाही, म्हणून वादकाला सभागृहात असेल त्याच वाद्यावर वाजवावे लागते. पावसाळी दमट हवेत त्याची तारांचा नाद वाढविणारी लाकडी स्वरफळी फुगून सूर चढतो व तारांना गंज धरतो, म्हणून कोल्हापूरसारख्या ठिकाणी असे वाद्य ठेवायचे तर आर्द्रता आटोक्यात असलेली खोली आणि मैफलीआधी सूर लावणारा कारागीर यांची तरतूद संचालकाला आधीच अंदाजपत्रकात करावी लागते.