जुन्या वाणांचे बुटके डबल डॅफोडिल

डॅफोडिल म्हणजे नर्सिसस प्रजातीतील कंदवर्गीय फुलझाड. त्याच्या साध्या फुलात सहा पाकळ्या आणि मध्ये तुतारीसारखी नळी असते. डबल फुलात पुंकेसरांच्या, कधीकधी नळीच्याही, पाकळ्या झालेल्या असतात. आपल्याकडच्या डबल तगरीसारखाच हा प्रकार आहे. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या तेरा विभागांच्या वर्गीकरणात सर्व डबल वाणे चौथ्या विभागात येतात. अमेरिकन डॅफोडिल सोसायटी सुमारे ५ सेंमीपर्यंत व्यासाच्या फुलांना बुटक्या गटात धरते आणि १९४० पूर्वीच्या वाणांना ‘ऐतिहासिक’ म्हणते. या दोन्ही कसोट्यांना उतरणारी डबल वाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्यामुळे या झाडांना बी क्वचितच धरते, आणि धरले तरी त्यातून तेच वाण उगवत नाही. वाढ होते ती मूळ कंदाला फुटणाऱ्या पिल्लांपासून. म्हणजे एका वाणाचे जगातले सगळे कंद हे एकाच मूळ झाडाचे वाटे आहेत. ही वाणे टिकली ती पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी जुनी बेटे उकरून पिल्ले वेगळी केली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली म्हणून. याची दुसरी बाजूही आहे. विषाणू सहसा बियांतून पुढे जात नाही, पण पिल्लांतून हमखास जातो. पानांवर पिवळट रेघा दिसल्या तर तो कंद मन घट्ट करून उपटून टाकावा, नाहीतर तोच रोग वाटला जातो.

सर्वात जुने वाण ‘आयस्टेटेन्सिस’, ज्याला राणी ॲनचे डबल डॅफोडिलही म्हणतात. त्याच्या नावाचा धागा जर्मनीच्या बव्हेरियातील आइख्श्टेटच्या बिशपांच्या बागेशी जोडलेला आहे. त्या बागेतील वनस्पतींचा भव्य चित्रसंग्रह १६१३ मध्ये छापला गेला. फिकट लिंबू रंगाच्या या फुलात मधली नळीच नसते. टोकदार पाकळ्या सहा-सहाच्या थरांनी अगदी एकावर एक बसतात, त्यामुळे फूल वरून चांदणीसारखे दिसते. इतकी रेखीव ठेवण दुसऱ्या कोणत्याही डॅफोडिलमध्ये नाही. मात्र ते हळू वाढते आणि लाडाने सांभाळावे लागते.

‘रिप व्हॅन विंकल’ १८८४ पूर्वीचे असून त्याचे मूळ आयर्लंडशी जोडले जाते. उंची जेमतेम १५ ते २० सेंमी, पाकळ्या अरुंद आणि अस्ताव्यस्त, त्यांत हिरवट छटा. नवख्यांनी सुरुवात याच्यापासून करावी. ‘पेन्क्रेबार’ हे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील एका जुन्या बागेत सापडलेले सोनेरी, सुवासिक वाण १९२९ च्या सुमाराचे आहे. त्याची फुले बारीक गुलाबासारखी दिसतात आणि एका दांड्यावर कधी दोनही येतात. १६२० च्या सुमारास लंडनमध्ये फुललेले प्रसिद्ध ‘व्हॅन सायन’ जुने आणि डबल असले, तरी साधारण ३५ सेंमी उंच वाढते. ते बुटके नव्हे.

उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशात कंद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावतात. खोली कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट, अंतर ७ ते १० सेंमी. जागा उन्हाची आणि उत्तम निचऱ्याची हवी. डबल फूल पावसाचे पाणी धरून ठेवते आणि बुटका दांडा त्या भाराने चिखलात लोळतो. म्हणून वाऱ्या-पावसापासून आडोसा, भोवती बारीक खडी किंवा उथळ कुंडी चांगली.

या वाणांची खरी अडचण म्हणजे कळी न उमलणे. कळी बाहेरून धडधाकट दिसते, पण चिमटीत धरली तर पोकळ लागते. कागदी आवरण सोलले की आत तपकिरी, वाळलेल्या पाकळ्यांचा चुरा निघतो. ऐन कळीच्या वेळी माती कोरडी पडली किंवा एकाएकी उष्मा वाढला की असे होते. कळी दिसल्यापासून ओल टिकवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

फुले सरल्यावर पाने निदान सहा आठवडे तशीच राहू द्यावीत. पुढच्या वर्षाची कळी त्यांच्याच अन्नावर कंदात तयार होते. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून पानांची जुडी बांधणे किंवा गाठ मारणे सर्रास चालते, ते टाळावे. बेट दाटून फुले कमी झाली की पाने पिवळी पडल्यावर कंद काढून पिल्ले वेगळी करावीत आणि लगेच किंवा त्याच शरदात लावावीत. तळ मऊ व तपकिरी झालेला कंद बुरशीच्या कुजीचा असतो, तो फेकावा. नर्सिसस माशीच्या अळ्या कंद पोखरतात; ही माशी उन्हाळ्याच्या तोंडाला कंदाच्या मानेजवळ अंडी घालते. पाने सुकल्यावर उरलेली भोके मातीने बुजवली तर तिची वाट बंद होते.

डॅफोडिलचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांत लायकोरीन हे विषारी द्रव्य असते, त्यामुळे खारी आणि हरणे या कंदांना तोंड लावत नाहीत. कंद दिसायला छोट्या कांद्यासारखा असल्याने तो स्वयंपाकघरात ठेवू नये. चिकाने त्वचेला खाज सुटते, हातमोजे घालावेत.

फूल येण्यासाठी कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे सलग थंडी लागते. महाराष्ट्र-गोव्यातील हिवाळा त्याला पुरत नाही. फ्रिजमध्ये फळांपासून दूर थंड केलेला कंद कुंडीत एखादा हंगाम फुलू शकतो, पण नंतर तग धरत नाही. काश्मीर-हिमाचलच्या थंड भागात किंवा ब्रिटन, नेदरलँड्समध्ये बाग असणाऱ्यांनी ही वाणे जरूर लावावीत. आपल्या हवेत थंडी न मागणारे, घोसाने फुलणारे पांढरे नर्सिसस ‘पेपरव्हाइट’ लावणे शहाणपणाचे.