‘फक्त बोल्ट आवळून द्या’ म्हणण्यापूर्वी

चिपळूणला आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते. ‘खालून खट्‌खट् वाजतंय, चासीचे बोल्ट ढिले झालेत, तेवढे आवळून द्या.’ गणपतीच्या आठवड्यात तर परशुराम घाट उतरला की मुंबईची मंडळी सरळ आमच्या दारात गाडी लावतात. पुढे गुहागर, देवरुख गाठायचं असतं. घाई आम्हाला कळते. तरी आम्ही गाडी तासभर ठेवून घेतो आणि ‘दोन पान्यांच्या कामाला तास कशाला?’ हे ऐकतो. त्याचं उत्तर या कागदावर आहे.

बोल्ट ढिले होतात हे खरं. बहुतेक लहान गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नसते. बॉडीच्या खाली इंजिनाजवळ एक फ्रेम बसवलेली असते आणि लोअर आर्म (चाकाला फ्रेमशी जोडणारा खालचा हात), स्टिअरिंगचा रॅक, स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलंडू न देणारा दांडा) असं बरंच काही त्या फ्रेमला धरून असतं. क्लचच्या कामासाठी पुष्कळ गाड्यांत ही फ्रेम उतरवावी लागते किंवा खाली घ्यावी लागते. परत बसवताना एखादा बोल्ट कमी आवळला गेला, तर ब्रेक मारताना एकदा आणि गाडी उचलताना एकदा ‘खट्’ असा भरीव आवाज येतो. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, ‘आवाज सुरू होण्याआधी गाडीचं काय काम झालं होतं?’ आधीच्या गॅरेजवाल्याला दोष देण्यासाठी आम्ही हे विचारत नाही. या एका उत्तराने आमचा अर्धा शोध वाचतो.

पण आमच्याकडे येणाऱ्या खटखटीत ढिला बोल्ट थोड्या वेळा निघतो. लहान खड्ड्यांवर हळू चालवताना टकटक येत असेल, तर आम्ही आधी लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारला जोडलेली छोटी दांडी, बघतो. जागेवर स्टिअरिंग फिरवताना वाजलं, तर शॉकॲब्सॉर्बरची वरची माउंटिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना एकसारखी कटकट आली, तर तो एक्सलचा जॉइंट, तिथे पाना लावून काही होत नाही. गिअर टाकताना धक्का बसला, तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर. आणि डिकीतला जॅक व स्टेपनी घरीच हलवून बघा. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. हिच्यामुळेच लोकांचे पैसे आणि आमचा वेळ सर्वांत जास्त जातो.

लोअर आर्म जिथे फ्रेमला जोडलेला असतो, तिथे रबरी बुश असतं. बहुतेक गाड्यांत बाहेर एक लोखंडी नळी, आत दुसरी आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर अशी त्याची रचना. बोल्ट आवळला की आतली नळी फ्रेममध्ये घट्ट धरली जाते. त्यानंतर चाक वर-खाली होताना नळी फिरत नाही, रबर पिळतं आणि परत येतं. गाडी जॅकवर किंवा लिफ्टवर उचलली की चाक लटकतं, आर्म खाली झुकतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला, तर रबराला ती झुकलेली स्थितीच मूळ जागा वाटते. गाडी खाली घेतली की रबर पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतही. त्यावर खड्डे आले की ते आणखी पिळतं आणि काही महिन्यांत फाटतं. खटखट परत येते आणि माणूस पुन्हा म्हणतो, ‘बोल्ट ढिला झाला.’

मागच्या पावसाळ्यात एक ग्राहक आले. त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी जॅकवर घेऊन, तोच बोल्ट तीन वेळा आवळला होता. पान्याला पाइप लावून. बोल्ट ढिला नव्हताच, बुश फाटलं होतं. आवळून आवळून बॉडीला आतून वेल्ड केलेल्या नटाचे आटे गेले. बुशचं काम दोन तासांचं होतं, नटाच्या दुरुस्तीत पूर्ण दिवस गेला. माणूस मेहनती होता, गाडीवर जीव होता, म्हणून आम्हालाही वाईट वाटलं.

आमच्याकडे लिफ्ट आहे, तरी गाडीखाली उभं राहून काम करायचा जुना खड्डा, म्हणजे पिट, आम्ही बुजवला नाही, तो याचसाठी. जोडणी लिफ्टवर करतो. मग गाडी पिटवर घेतो, चारही चाकांवर उभी करतो, थोडी दाबून हलवतो आणि भार चाकांवर असताना आर्मचे बोल्ट शेवटचे आवळतो. काहींना पिट बघून गॅरेज जुनाट वाटतं. आमच्या मते या कामाला पिटच बरा.

शेवटचं आवळणं हवेच्या गनने करत नाही, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने करतो. लहान गाड्यांच्या चाकांचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटरला बसतात, खालच्या काही बोल्टना याहून जास्त लागतं, आणि प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 20 किलोचा जोर दिला की 100 न्यूटन-मीटर होतात. पाइप घालून दोघे लोंबकळले की तो आकडा सहज तिप्पट होतो. बोल्ट आवळताना स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच पकड येते. हद्दीबाहेर ताणला की तो लांबतो आणि परत येत नाही. दिसायला घट्ट, पकड कमी. कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट-नट म्हणूनच आम्ही नवे घालतो आणि जुने तुमच्या हातात देतो.

बोलेरोसारख्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे चासी खरोखर वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर रबरी माउंटिंगने बसते. मागच्या पाट्यांना (पट्ट्यांच्या स्प्रिंगना) एक्सलशी धरून ठेवणारे यू-बोल्ट मात्र वेळच्या वेळी बघावेच लागतात. ते ढिले राहिले, तर पाट्यांच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट तुटून मागचा एक्सल जागेवरून सरकू शकतो.

आणखी एक विनंती. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या खाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारण्याची आपल्याकडे सवय आहे. पत्र्याचं भलं होईल, पण त्याने रबरी बुश फुगतात आणि मऊ पडतात. समुद्राकाठच्या गाड्यांना गंजाची भीती खरी आहे, हे आम्ही रोज बघतो. त्यासाठी कोटिंग करून घ्या. आमच्याकडे ते करताना आम्ही बुश झाकून घेतो.

पंक्चर काढल्यानंतर किंवा चाक बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला आणि वेगाबरोबर वाढत गेला, तर आमच्यापर्यंत येऊ नका. गाडी जागेवर थांबवून आधी चाकाचे नट बघा. चाक लावल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर ते एकदा तपासणं चांगलं.

तपासणीचे पैसे आम्ही घेतो आणि काम आमच्याकडेच केलं तर बिलातून वजा करतो. तपासणीआधी तुम्हाला शेजारी बसवून एक चक्कर मारतो, कारण तो आवाज तुम्ही रोज ऐकता आणि आम्ही पहिल्यांदा. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ मारतो, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी फ्रेमवर. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला असं समजा. 1000 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला पैसे नाहीत. फ्रेमचे बोल्ट सोडून बसवले असतील, तर चाकांची अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) करावीच लागते. ती टाळून पैसे वाचवा असं आम्ही कुणाला सांगत नाही.

येताना घरी काही आवळलं असेल तर तेही सांगा, आम्ही रागावत नाही. आधीच्या कामाचं बिल असलं तर सोबत आणा. गणपतीआधीच्या दोन आठवड्यांत पिटवर रांग असते, त्यामुळे फोन करून वेळ घ्या, आणि शक्यतो सकाळी या.