शिडी वर गेल्यावरच का सटकते?

लातुरात आमच्या शेजारी घराचं बांधकाम चालू होतं. बाहेरून गिलावा. मिस्तरी बांबूच्या शिडीवर अर्ध्यात पोचले आणि खालून घमेलं देणारा पोरगा ओरडला, "मिस्तरी, शिडी हलायली!" वरून उत्तर आलं, "अर्ध्यात आलो की आता. सरकायची असती तर आधीच सरकली असती."

नेमका हाच हिशेब फसवा आहे. माणूस जसजसा वर जातो, तसतसा शिडीचा पाय भिंतीपासून दूर ढकलणारा जोर वाढतो. शिडी १२ फुटांची, पाय भिंतीपासून ३ फुटांवर आणि माणूस ७० किलोचा धरा. तो अगदी टोकाला पोचला की हा जोर १८ किलोच्या आसपास भरतो. पाय ६ फुटांवर ठेवला तर तोच ४० किलो! त्याला अडवायला खाली फक्त घर्षण. फरशीवर वाळूची कच असेल तर तेही घटतं. आपल्याकडच्या काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी: ओली असली की शिडीचा एकच पाय रुततो आणि शिडी बाजूला कलंडते.

तरी बहुतेकजण शिडी जास्त तिरकी लावतात, कारण उभी शिडी मागे पडेल अशी भीती वाटते. फार उभी लावली तर ती पडतेही. म्हणून लांबीच्या चौथाईइतकं अंतर बरं.

१० फुटांवरून माणूस पाऊण सेकंदात खाली येतो, तेव्हा वेग ताशी २८ किलोमीटरच्या घरात असतो. "पायावर पडला म्हणून वाचला," असं लोक म्हणतात. मला ते अर्धवट खरं वाटतं. टाचेचं हाड आतून जाळीदार, वरून पातळ कवचाचं; ते चेपतं. उरलेला दणका पायांतून कण्यात चढतो. छातीमागचा ताठ कणा आणि कमरेचा लवचिक कणा जिथे जुळतात, तिथला मणका मग फुटू शकतो. अशी टाच मोडलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाच्या कण्यालाही इजा सापडते. टाच इतकी ठणकते की पाठीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

त्यात आपण करतो उचलबांगडी. एकाने बगलेत धरायचं, दुसऱ्याने पाय, की बसवला मोटारसायकलवर. फुटक्या मणक्याचा तुकडा अशा वाकवण्याने मज्जारज्जूवर दाबू शकतो. त्याला आहे तिथेच, न हलवता पडू द्यायचं आणि १०८ ला फोन लावायचा.

मिस्तरी खाली उतरले तेव्हा मी अंतर मोजायला सांगितलं. त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत मोजलं. चार हात भरलं, म्हणजे ६ फूट. पोराने शिडी दोन हात आत ओढली आणि पायामागे खुंटी ठोकली.