त्रेपन्न ऐकलं, ३५ लिहिलं

परवा दुसरीतली भाची टॅबवर गणिताचं ॲप खेळत होती. आवाज आला, 'त्रेपन्न'. तिनं ३५ दाबलं. लाल फुली, रडका चेहरा आणि पुढचा प्रश्न थेट वीसच्या आतला. म्हणजे पोर कच्ची, असा ॲपचा निकाल. मी कागद पुढे करून म्हटलं, "पन्नास आणि तीन लिही." लगेच ५३!

गंमत इथेच आहे. 'त्रेपन्न'मध्ये कानावर आधी तीन पडतात, मग पन्नास. हात मात्र डावीकडून लिहितो, त्याला आधी दशक हवं. म्हणजे तीन डोक्यात धरून ठेवायचे, पाच लिहायचे, मग धरलेले तीन उतरवायचे. अशा क्षणभराच्या साठवणीला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि सातव्या वर्षी ती फार तोकडी असते. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांच्या चुका तपासल्या तर तिथेही हीच उलटापालट भरपूर निघाली. इंग्रजीत वीसच्या पुढे ही भानगड नाही. आपल्याकडे वर आणखी 'एकोण'. ऊन म्हणजे कमी, म्हणून एकोणसाठ: ऐकू येतात साठ, लिहायचे पाच. हे कसंबसं पचतं तोवर नव्व्याण्णव येतो आणि तिथे एकोण गायब! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा विनोदांचा पूर आला होता. मला तो बदल हास्यास्पद कधीच वाटला नाही.

इंग्रजी ॲपला नुसता मराठी आवाज चिकटवला की हे सगळं निसटतं. म्हणून विकत घेण्याआधी आपण स्वतः मुद्दाम चुकून पाहावं. 'त्रेपन्न'ला एकदा ३५ द्या, एकदा ५४. पहिली चूक स्थानाची, दुसरी बहुधा मोजणीतली. दोन्हींवर तोच रडका चेहरा आला, तर जाहिरातीतलं 'मुलाचा विचार ओळखणारं एआय' फक्त चूक-बरोबर मोजतंय.

ॲपमधल्या ताऱ्यांवरही भिस्त ठेवू नये. चार पर्याय आणि हवे तितके प्रयत्न असतील, तर डोळे मिटूनही तारा मिळतोच. (मेंदू 'जागा' करतो म्हणत मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणाऱ्या 'मिडब्रेन' क्लासवाल्यांचं दुकान तर पट्टीच्या फटीवरच चालतं.)

खरी मोजणी कशी असते? वडोदऱ्यात 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या उपक्रमात चौथीची मुलं आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ खेळत, एका संगणकावर दोघं. कोणत्या शाळांना खेळ द्यायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं होतं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष छापले: गणितात ०.४७ प्रमाण विचलन इतकी वाढ. म्हणजे शंभरात मधोमध असणारं मूल साधारण अडुसष्ट जणांच्या पुढे गेलं. उपक्रम संपून वर्ष झाल्यावर मात्र ही वाढ ०.१ च्या आसपास उरली. आता ते मूल जेमतेम चोपन्न जणांच्या पुढे.

भाचीचं ॲप बंद केलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत टॅब कपाटात जाईल. शाळा उघडली की कोऱ्या कागदावर दहा संख्या तोंडी सांगणार आहे. त्यात एकोणऐंशी नक्की असेल.