बरगे निघाले का?

मे महिना उतरणीला लागला की दूधगंगा-वेदगंगेच्या काठावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : बरगे निघाले का? कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा बसवतात, मधे माती ठासतात आणि उन्हाळाभर पाणी अडवतात. या फळ्या म्हणजे बरगे. पावसाच्या आत ते उपसून काठावर रचायचे असतात. राहिलेच, तर पहिल्या लोंढ्याबरोबर आलेलं केंदाळ, ओंडके, उसाचं पाचट त्यांना अडकतं, गाळे बुजतात आणि वरच्या अंगाला पाणी लवकर पात्राबाहेर पडतं. चार माणसं आणि दोरखंड एवढ्यावर भागणारं काम. पूर आल्यावर पेपरात बोटींचे फोटो येतात. बरग्यांचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक या पट्ट्यानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. २०२१ च्या जुलैत तर यमगर्णीजवळ वेदगंगा थेट राष्ट्रीय महामार्गावर आली. दर वेळी म्हातारी माणसं म्हणतात, एवढं पाणी जन्मात बघितलं नव्हतं. मग कुणीतरी दिलासा देतं की हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, आता काळजी नाही. इथंच गणित फसतं. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी तो सुट्टीवर जात नाही. तीस वर्षं ज्या घरात राहायचं, त्या घरानं असा पूर एकदा तरी पाहण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. पंचवीस वर्षांच्या पुराला हाच हिशेब लावला तर ती ७० टक्क्यांवर जाते. नदीपलीकडे महाराष्ट्रात निळी आणि लाल पूररेषा आखतात, त्या अनुक्रमे याच २५ आणि १०० वर्षांच्या पुराच्या. शिवाय हा सगळा हिशेब जुन्या नोंदींवरचा. पावसाची तऱ्हा बदलली की शक्यतेचे आकडेही बदलतात.

‘धरण आधीच का रिकामं केलं नाही?’ हा चावडीवरचा दुसरा प्रश्न. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू ठेवला तर ८.६४ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी जातं. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाची क्षमता ५१ टीएमसी. त्यात दहा टीएमसी जागा करायची तर एक लाखाच्या वेगानं अठ्ठावीस तास पुरतील, पण तेवढं पाणी सोडलं तर घटप्रभेकाठच्या गावांत आपणच पूर आणला असं होईल. पंचवीस हजारांनी सोडलं तर साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही वरून नवं पाणी येत नसेल तर. म्हणजे पावसाचा भरवशाचा अंदाज चार-पाच दिवस आधी हाताशी हवा. अंदाज चुकला आणि पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या शिव्या ठरलेल्या. म्हणून कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं असावं याचं वेळापत्रक आधीच ठरवतात. अभियंत्याच्या जागी बसून पाहिलं की राग थोडा उतरतो.

कर्नाटकात ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, दर पंधरा मिनिटांना त्यांचा आकडा बेंगळुरूला पोचतो. पण आपल्या नद्या सीमा कुठं मानतात? हिरण्यकेशीचा उगम आंबोलीतला. तिथला पाऊस आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येतो. कृष्णा तर कोयना, वारणा, पंचगंगा पोटात घेऊनच कल्लोळ गावाकडे येते. तिथं दूधगंगा तिला मिळते, आणि खरी गंमत तिथंच आहे. कृष्णेची पातळी चढलेली असली की दूधगंगेला पाणी टाकायला जागा उरत नाही. ते जागीच तुंबतं आणि मागं सरकतं. यालाच फुगवटा म्हणतात. म्हणून गावात कडक ऊन पडलेलं असताना नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस पाण्याखाली जातो.

तेव्हा ‘अमुक हजार क्युसेक सोडले’ एवढ्यावर गावातल्या बाईला काही उमगत नाही. तिला कळायला हवं, पाणी आपल्या जोत्याला कधी लागणार. त्यासाठी उन्हाळ्यात एक कंटाळवाणं काम करावं लागतं. भिंतींवर, देवळाच्या खांबांवर जुन्या पुरांच्या खुणा असतात. त्यांची आणि घरांच्या जोत्यांची उंची समुद्रसपाटीपासून मोजायची. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावरची पाण्याची उंची, ५१९.६० मीटर सांगतात, तीही याच मापात. मग पुलाच्या खांबावर आकडे रंगवायचे आणि मागच्या पुरांशी ताडून तक्ता करायचा : पाणी इथं आलं की खालची गल्ली, इथं आलं की शाळेचा रस्ता बंद. हा तक्ता दवंडीच्या भाषेत हवा. कन्नडमधली सूचना एखादं पोरगं मराठीत करून व्हॉट्सअॅपवर टाकेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

बेळगाव शहराचं दुखणं वेगळं, तिथं शहरातून नदीच वाहत नाही. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. रानात त्यातलं बरंचसं मुरतं, काँक्रीटवरून जवळपास सगळं वाहून येतं. येतं कुठं, तर बळ्ळारी नाल्यात. गाळ आणि जलपर्णीनं तो भरलेला असला की पाणी वडगाव-शहापूरच्या भातात पसरतं. बासमती भाताची लावलेली रोपं कुजली की पंचनामे होतात. नाला मात्र मेमध्येच उपसायला हवा होता.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीत ८० टक्के मदत व प्रतिसादाला आणि २० टक्के नुकसान मुळात कमी करण्याला अशी वाटणी केली. माझ्या मते वीसही कमीच. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण करतं. पण गल्लीतलं म्हातारं माणूस कुणाच्या घरी एकटं आहे, हे पंचायतीलाच ठाऊक असतं.

आणि म्हसरं? पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्याला पूर्वी गंजी केंद्र म्हणायचे, आता काळजी केंद्र म्हणतात, तिथं भात-आमटी मिळते, अंथरूण मिळतं. तरी माणसं घर सोडत नाहीत, कारण दावणीला दोन म्हशी आहेत आणि एक गाभण आहे. तिच्या वैरणीची आणि उंचावरच्या जागेची सोय आराखड्यात नसेल, तर मालक पाणी कमरेला लागेपर्यंत गोठ्यातच थांबतो, आणि मग त्याच्यासाठी बोट काढावी लागते. उसाच्या ट्रॉल्या जूनमध्ये अंगणात रिकाम्या उभ्या असतातच. कुणाची ट्रॉली कुणाच्या गोठ्यापाशी लागायची, एवढी यादी चावडीवर चिकटवायला एक कागद पुरतो.